पळसदेवचं देऊळ पाण्याबाहेर आलं, की फोटो जरूर काढा, पण जपून!

शेतकरी बंधूंनो, उजनी मायनसमध्ये खोल गेली, की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर येतं, हे इंदापूर-करमाळ्याकडच्या मंडळींना सांगायला नको. मग सूर्यास्ताचे फोटो काढायला लांबून माणसं येतात. त्यांना तांबडं आभाळ दिसतं. तुम्हाला दिसतात उघड्या पडलेल्या मोटारी आणि लांबवावे लागणारे पाईप.

तरीही फोटो तुम्हीच काढायला हवेत. भीमाकाठचं हे देऊळ खाली घडीव दगडाचं, वर शिखर विटांचं. १९८० साली धरण पूर्ण झालं. गाव उठून वर गेलं, देऊळ पाण्यात राहिलं. पाण्याची ये-जा, लाटांचा मार यानं विटांचे सांधे ढिले होतात. कुठली वीट कधी निखळली, हे जुना फोटो असेल तरच कळेल.

सूर्य बुडायच्या तासभर आधी पोचा. सूर्य एका बाजूला घेतला तर तिरप्या उन्हात नक्षी आणि भेगा स्पष्ट उठतात. सूर्य देवळामागं ठेवलात तर नुसता काळा आकार येतो. दिसायला झकास, पण नोंदीला उपयोग नाही. मोबाईल दगडावर टेकवा, हात हलत नाही. दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच बाजूनं काढा. भिंतीशी मापाची काठी उभी करा. फोटोसोबत तारीख आणि धरणाची त्या दिवसाची टक्केवारी लिहा. सरपंच-ग्रामसेवकांनी ही वही ग्रामपंचायतीत ठेवावी. शिखरावर मात्र कुणाला चढू देऊ नका.

आता जिवाची गोष्ट. उन्हाळ्यात संध्याकाळीच वावटळ उठते. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण बुडाले. तेव्हा आभाळ भरलं असेल, तर होडीत बसू नका. बसलात तर प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट हवंच. वरून वाळलेल्या गाळावरही भरवसा नको. काठीनं चाचपून मगच पाय टाका. अंधार पडायच्या आत काठाला या.

पाऊस झाला, की देऊळ पुन्हा बुडेल. बुडायलाच हवं, त्यावरच आपली शेती आहे. पण ते बुडायच्या आत त्याची नोंद गावाच्या दप्तरी झालेली असू द्या.