रात्रीची कवळी

बाजाराच्या दिवशी शिरूरच्या दातांच्या दवाखान्यात आसपासच्या गावांतली म्हातारी माणसं येतात. तक्रार बहुधा ठरलेली, कवळी ढिली झालीय. दुखतंय असं कुणी म्हणत नाही.

डॉक्टर कवळी काढायला सांगतात तशी आजीबाई पदर तोंडाशी नेतात. वरचा टाळू लालभडक, आणि ती लाली कवळीच्या कडेपाशी आखून घेतल्यासारखी थांबलेली. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा. ही बहुतेकदा कॅन्डिडा बुरशीची करामत. ती निरोगी तोंडातही असते, पण कवळीखाली लाळ खेळत नाही, तिथे ती माजते; मधुमेह असला तर जास्तच. दुखत नाही म्हणून वर्षानुवर्षं खपून जातं.

"रात्री काढून ठेवता का?"

"सुनेसमोर बोळक्या तोंडानं कसं बसायचं?"

खरी अडचण इथे आहे, असं मला वाटतं. ब्रश पाच मिनिटांत शिकवता येतो, लाज नाही. जपानमध्ये पंच्याऐंशी ओलांडलेल्या वृद्धांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट दिसला. पण सुनेपुढे जपानचं काय चालणार!

कवळी उलटी केली की सगळं कळतं. पुढचे दात लख्ख, टाळूला टेकणारी बाजू पिवळट, बुळबुळीत, मिश्रीचे डाग पडलेली. राखुंडीनं घासलं की अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे उठतात आणि त्यांतच बुरशी ठाण मांडते. उकळत्या पाण्यात टाकली तर कवळी वाकडी होते. डॉक्टर पाण्याच्या भांड्यावर हात धरून दाखवतात, म्हणजे निसटली तरी फुटत नाही: मऊ ब्रश, साधा साबण, आतली बाजू आधी, मग रात्रभर गार पाण्यात. टाळू आणि जीभ ओल्या फडक्यानं पुसायची. नुसतं तोंडाला औषध लावलं आणि कवळी तशीच ठेवली, तर बुरशी पुन्हा येते.

दौंडला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका आजोबांना नवीच कवळी हवी होती, तीही लगेच. घरात लग्न होतं. डॉक्टर माप घेईनात. सुजलेल्या टाळूचं माप घेतलं तर सूज उतरल्यावर नवीही ढिली होणार. आजोबा चिडले. शेवटी तडजोड झाली: लग्न जुन्या कवळीवर काढायचं, पण ती रोज आतून घासायची आणि झोपताना काढायची, माप लग्नानंतर, लाली गेलेली दिसली तरच.