धनुष्कोडी : एका दिवसाची सफर

मदुराईहून सहलीच्या बसने आम्ही सहकुटुंब रामेश्वरम बेटावर गेलो. अंतर सुमारे १७० किलोमीटर. पांबनचा पूल ओलांडला की बेट सुरू होते आणि त्याच्या टोकाला धनुष्कोडी.

मध्ये रस्ता, दोन्हीकडे समुद्र. डिसेंबर १९६४ च्या वादळात हे गाव वाहून गेले. आता चर्च आणि रेल्वे स्थानकाच्या पडक्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. पाण्याला ओढ फार, म्हणून मुलांचा हात सोडू नये. समुद्राच्या पाण्याने वुजू होतो. तो करून वाळूतच आम्ही जोहरची कसर नमाज जमातीने अदा केली.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे वडील जैनुलाब्दीन मशिदीत इमामत करीत आणि रामेश्वरमला आलेल्या हिंदू यात्रेकरूंना आपल्या होडीतून धनुष्कोडीला नेत. आपल्या मुलांना ही गोष्ट आज कळायलाच हवी. पण कलामांचे घर आमच्या कार्यक्रमात नव्हते. सर्वांनी आग्रह धरला, तेव्हा गाईडने अर्धा तास दिला.

म्हणून पैसे भरण्याआधीच दोन गोष्टी विचारून घ्या : नमाजसाठी बस कुठे थांबेल? आणि कलामांचे घर दाखवणार का?