वार्धक्यातील व्याधिक्षमत्व आणि न्यूमोनिया

वार्धक्यात वातप्राबल्य व धातुक्षयाने ओज उणावते, हे आपण जाणतोच. आधुनिक शास्त्रानुसार थायमस ग्रंथी यौवनारंभापासूनच आक्रसू लागते. उतारवयात नव्या टी-पेशी घटतात, श्वासमार्गातील कफ वर सारण्याची गती व कासवेगही मंदावतो. म्हणून वृद्धांच्या न्यूमोनियात ज्वर नसूही शकतो. अन्नद्वेष, ग्लानी, असंबद्ध बोलणे एवढेच दिसते. अशा वेळी केवळ कासहर औषध देऊन आम्हीही पूर्वी थांबलो आहोत. तो विलंब घातक ठरू शकतो. श्वसनगती मिनिटाला ३० वा अधिक असल्यास अथवा नव्याने संभ्रम आढळल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही वृद्धांसाठी नुसती बाटली देऊ नये, चौकशी करावी. च्यवनप्राशादी रसायन अग्निबल पाहून स्वस्थावस्थेत योजावे. तातडीच्या उपचारांना ते पर्याय नव्हे.