पगार वाढला, आनंद किती वाढला?

उत्पन्नाबरोबर आनंद किती वाढतो, याचा अभ्यास अमेरिकेत बारकाईने झाला आहे. संशोधक डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांना २०१० मध्ये आढळले, की आयुष्याबद्दलचे समाधान उत्पन्नासोबत वाढत राहते. रोजचा आनंद मात्र वार्षिक ७५,००० डॉलरच्या आसपास थबकतो. मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी नोकरदारांना मोबाइलवरून दिवसात अधूनमधून प्रश्न विचारले. २०२१ च्या त्यांच्या निष्कर्षांत अशी मर्यादा दिसली नाही. २०२३ मध्ये कानेमन व किलिंग्सवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांच्यासह आकडेवारी पुन्हा तपासली. सर्वांत दुःखी गटाचा आनंद एक लाख डॉलरनंतर थांबत होता. इतरांचा वाढतच होता. आनंदातली ही वाढ उत्पन्न किती रकमेने वाढले यावर नव्हे, किती पटीने वाढले यावर ठरते. त्यामुळे तेवढीच पगारवाढ कमी पगारवाल्याला अधिक सुख देते.