समुद्रकाठचे एक मोठे कुरण : त्याची मालकी व त्याची राखण

जमिनीचे खरेदीखत एका दिवसात पुरे होते. त्यात चतुःसीमा, क्षेत्र व किंमत यांची नोंद असते. परंतु गवत किती शिल्लक आहे, ओढ्यास पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, जुन्या झाडांखाली नवी रोपे उभी आहेत किंवा नाहीत, याबद्दल त्यात एक अक्षरही नसते. सबब जमीन विकली जाते तेव्हा तिच्या राखणीचे काय होते, हा प्रश्न प्रत्येक जमीनधारकाने विचारात घेण्यासारखा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील कोहो-हलामा या कुरणाची हकिगत त्या दृष्टीने फार बोधप्रद वाटते.

स्थळ व पूर्वेतिहास

पॅसिफिक महासागराच्या काठी, सांता बार्बारा परगण्यात, पॉइंट कन्सेप्शन नावाचे भूशिर आहे. दक्षिणेकडे तोंड असलेला किनारा येथे वळून पश्चिमाभिमुख होतो. त्या भूशिराभोवती सुमारे २४,००० एकरांचे, म्हणजे साडेसदतीस चौरस मैलांचे हे कुरण पसरले असून त्यास आठ मैल समुद्रकिनारा आहे. गुरे पाळण्यासाठी राखलेल्या अशा विस्तीर्ण मालमत्तेस तिकडे ‘रँच’ म्हणतात.

येथील मूळचे रहिवासी चुमाश लोक. मृतांचे आत्मे याच भूशिरावरून परलोकी जातात, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा आहे. इ. स. १७६९ मध्ये स्पॅनिश लोकांची तुकडी या वाटेने गेली. तेथील गावचा नायक पायाने अधू होता, म्हणून शिपायांनी गावास ‘कोहो’ म्हणजे ‘लंगडा’ हे नाव दिले, व तेच पुढे जमिनीस चिकटले. चुमाश लोकांकडून जमीन गेली, ती कोणत्याही खरेदीखताशिवाय.

सन १८३७ मध्ये मेक्सिकन सरकारच्या गव्हर्नराने येथील सुमारे २५,००० एकर जमीन अनास्तासियो कारियो यांस दिली. १८४८ साली कॅलिफोर्निया अमेरिकेच्या ताब्यात गेल्यावर १८५१ च्या कायद्याने अशा सर्व धारकांवर आपला हक्क शाबीत करण्याचा बोजा पडला. आपल्याकडे १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने इनामदारांकडून सनदा व दाखले मागितले, तोच हा काळ. दोन्हीकडे ज्याचे दप्तर कच्चे त्याचा हक्क कच्चा ठरला. कॅलिफोर्नियातील पुष्कळ जुनी घराणी वकिलांच्या खर्चाने कर्जबाजारी झाली. त्यातच १८६३-६४ च्या अवर्षणाने तेथील गुरे चाऱ्यावाचून मेली व मोठमोठ्या जमिनी हस्तांतरित झाल्या.

गुरे व गवत

फ्रेड बिक्सबी या पशुपालकाने १९१३ मध्ये कोहो व १९३९ मध्ये शेजारचे हलामा हे कुरण घेतले. पुढे २००७ पर्यंत ही मालमत्ता त्या घराण्याकडे होती. रेल्वेमार्ग १९०१ पासून किनाऱ्याने जात असूनही येथे वस्ती वाढली नाही, कारण मालकाचा धंदा गुरांचा होता व जमीन अखंड ठेवण्यातच त्याचे हित होते.

त्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. आपल्या मोसमी पावसाच्या अगदी उलट. वसंतात वाढलेले गवत उन्हाळ्यात वाळते व त्या उभ्या वाळक्या चाऱ्यावर गुरे काढावी लागतात. जाणता पशुपालक पुढील पावसापूर्वी सर्व गवत चरू देत नाही. काही भाग जमिनीवर राखतो. त्यायोगे पहिल्या सरींचा मारा मातीस बसत नाही, उतारावरची माती धुपत नाही व नव्या अंकुरास आसरा मिळतो. अवर्षणाच्या वर्षी चारा संपण्याची वाट न पाहता गुरे आधीच कमी करणे, हा त्याचा दुसरा नियम. जेथे हे पाळले गेले नाही तेथे ओढ्यांचे काठ तुडवले गेले व ओकची कोवळी रोपे चरली जाऊन केवळ वृद्ध वृक्ष उरले.

विक्री आणि तिचे परिणाम

सन २००७ मध्ये हे कुरण सुमारे १३ कोटी ६० लाख डॉलरांस एका गुंतवणूक संस्थेने घेतले. एवढी किंमत गुरांच्या उत्पन्नातून उभी राहणे शक्य नाही. ती समुद्राकडे तोंड करून बांधावयाच्या बंगल्यांच्या आशेची किंमत होय. नव्या मालकीत परवान्याशिवाय विहिरी व रस्ते केल्याचा आक्षेप किनारा आयोगाने घेतला. २०१७ च्या तडजोडीत मालकास बिघडलेली जमीन पूर्ववत करणे, दंड भरणे व सार्वजनिक उद्यानासाठी ३६ एकर देणे भाग पडले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात जॅक व लॉरा डँजरमंड या दांपत्याने १६ कोटी ५० लाख डॉलरांची देणगी देऊन ही संपूर्ण जमीन ‘नेचर कन्झर्व्हन्सी’ या संस्थेच्या हाती दिली. आता परदेशी आइसप्लँटसारखी पसरणारी वनस्पती काढणे, ओढे सुधारणे व ओकची लागवड, अशी कामे तेथे चालतात.

दुसरी वाट

परंतु असा दाता प्रत्येक जमिनीस कोठून मिळणार? त्याच किनाऱ्यावर उत्तरेस हर्स्ट घराण्याचे ८०,००० एकरांहून मोठे कुरण आहे. त्या घराण्याने २००५ मध्ये किनाऱ्याची एक पट्टी राज्याला दिली आणि उरलेल्या जमिनीवर इमारती उभारण्याचा बहुतेक हक्क तेवढा सोडून दिला. त्याबद्दल रोख रक्कम व कराची सूट मिळून सुमारे ९ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. मालकी घराण्याचीच राहिली, गुरे चरतच राहिली, आणि बांधकाम मर्यादित ठेवण्याची अट पुढील प्रत्येक मालकावर बंधनकारक झाली.

आपल्या कायद्यात या व्यवस्थेची तंतोतंत जोड नाही, आणि आपली शेते शेकडो एकरांची नव्हेत, गुंठ्यांची आहेत. तथापि कोकणच्या किनाऱ्यावर जमिनीचा भाव भाताने व आंब्याने न ठरता समुद्राच्या दर्शनाने ठरू लागला आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. विकावयाचेच झाल्यास वाट, पाट, विहिरीचे पाणी व गायरानाकडे जाणारा गुरांचा रस्ता यांचे हक्क खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्यावेत; तोंडी कबुलीवर विसंबू नये. आणि वारसांस जमीन द्यावयाची असेल, तर उताऱ्याबरोबर तिच्या राखणीचे नियमही त्यांस शेतावर नेऊन शिकवावेत. कारण ते नियम कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत.