नायट्रो ट्रक वारंवार बंद का पडतो?

रेडिओ नियंत्रकावर धावणाऱ्या छोट्या ‘नायट्रो’ ट्रकचे इंजिन झोकात सुरू होते. पण वेग कमी केला, की गचके खाऊन बंद पडते. या गाड्यांचा छंद असणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यावर आयडलिंगचा स्क्रू पिळून इंजिनची गती वाढवण्याचा सोपा मार्ग अनेक जण पत्करतात. त्याने तात्पुरते निभावते. मूळ दोष मात्र झाकला जातो आणि पुढे इंजिनच निकामी होण्याची वेळ येते.

अमेरिकेतील ट्रॅक्सस कंपनीने १९९९ मध्ये आणलेल्या ‘टी-मॅक्स’सारख्या ट्रकमध्ये अवघे अडीच सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन होते. अशा इंजिनात पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणतेल यांचे मिश्रण हे त्याचे इंधन. ठिणगी देणाऱ्या प्लगऐवजी येथे ग्लो प्लग असतो. त्यातील प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला बॅटरीने तापवावी लागते. पुढे ज्वलनाची उष्णता आणि मिथेनॉलशी होणारी प्रक्रिया यांमुळे ती धगधगत राहते. वंगणही इंधनातूनच मिळत असल्याने इंधन कमी पडले, की वंगण घटते आणि तापमान चढते. म्हणूनच हवा व इंधन यांच्या प्रमाणाला येथे विशेष महत्त्व आहे.

कार्बोरेटरच्या सुयांना हात लावण्यापूर्वी काही गोष्टी तपासणे इष्ट. बॅटरी काढताच इंजिन बंद पडत असेल, तर प्रथम प्लग बदलून पाहावा. एअर फिल्टर स्वच्छ हवा. इंधननळीला बारीक छिद्र, टाकीचे सैल झाकण किंवा कार्बोरेटरच्या बुडाशी खराब झालेले सील यांतून हवा शिरत असेल, तर कोणतेही ॲडजस्टमेंट टिकत नाही. सायलेन्सरकडून टाकीत दाब पोहोचवणारी नळीही घट्ट बसलेली असावी.

यानंतर इंजिन पूर्ण तापू द्यावे. थंड इंजिनावर केलेली जुळणी फसवी ठरते. प्रथम हाय-स्पीड सुई, मग लो-स्पीड सुई आणि सर्वांत शेवटी आयडलिंगचा स्क्रू, हा क्रम मोडू नये. सुई घड्याळाच्या दिशेने फिरवल्यास इंधन कमी होते, उलट फिरवल्यास वाढते. एका वेळी आठव्या हिश्श्याहून अधिक फेरा देऊ नये. भरधाव असताना सायलेन्सरमधून निळसर धुराची रेघ दिसत राहणे आवश्यक आहे.

लो-स्पीड सुईसाठी एक सोपी परीक्षा आहे. चाके अधांतरी राहतील असा ट्रक स्टँडवर ठेवावा. इंजिन आयडलिंगवर असताना इंधननळी कार्बोरेटरजवळ चिमटीत दाबावी. गती किंचित वाढून दोन-तीन सेकंदांत इंजिन थांबले, तर प्रमाण योग्य. तत्काळ थांबले, तर इंधन कमी आहे. बराच वेळ चालत राहिले, तर ते जास्त आहे. उभ्या उभ्या धूर ओकत हळूहळू बंद पडणे हे इंधन जास्त असल्याचे लक्षण. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही गती चढीच राहणे हे बहुधा इंधन कमी पडत असल्याचे किंवा कुठून तरी हवा शिरत असल्याचे चिन्ह होय.

एकदा साधलेली जुळणी कायमची नसते. थंड हवा अधिक दाट असल्याने इंधनही थोडे अधिक लागते. उष्ण हवेत ते कमी करावे लागते. मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे बाटलीचे बूच घट्ट लावावे. हे इंधन विषारी असून त्याची ज्वाला दिवसा जवळजवळ दिसत नाही. म्हणून ही कामे मोकळ्या हवेत, मुलांच्या हाती न सोपवता करावीत. दिवसाअखेर टाकी रिकामी करून, इंजिनात उरलेले इंधन जाळून दोन थेंब तेल सोडले, तर गंज टळतो आणि दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करताना त्रास होत नाही.