पडद्यावरची तश्रीह

नर्सिंगला गेलेल्या मुलीला इंजेक्शनची जागा शिकवताना सांगतात : नितंबाचे मनातल्या मनात चार भाग करा आणि सुई वरच्या, बाहेरच्या भागात द्या. कारण त्याच्या खालून आणि आतल्या बाजूने सायटिक नर्व्ह, म्हणजे शरीरातला सर्वांत जाड मज्जातंतू जातो. त्याला इजा झाली तर रुग्णाचा पाय अधू होऊ शकतो. हे वाक्य पाठ करायला पाच मिनिटे लागतात. पण त्वचेखाली चरबी, चरबीखाली मोठा स्नायू आणि त्या स्नायूच्याही खाली तो मज्जातंतू, हे सगळे डोळ्यांसमोर उभे राहायला पाच मिनिटे पुरत नाहीत. पुस्तकाचे पान सपाट असते, माणूस सपाट नसतो.

ही अडचण फार जुनी आहे. 14व्या शतकाच्या अखेरीस इराणातील शिराजचे हकीम मन्सूर इब्न इल्यास यांनी फारसी भाषेत शरीररचनेवर ग्रंथ लिहिला. तो 'तश्रीह-ए-मन्सुरी' या नावाने ओळखला जातो. त्यात हाडे, मज्जातंतू, स्नायू, शिरा आणि धमन्या यांची पूर्णाकृती चित्रे वेगवेगळी काढलेली आहेत. एका चित्रात शरीराचा एकच थर. हे थर एकमेकांवर ठेवून अखंड माणूस उभा करायचे काम मात्र विद्यार्थ्याच्या कल्पनेवर सोडलेले होते. आपल्या युनानी कॉलेजांत बीयूएमएसची मुले आजही हा विषय 'तश्रीहुल बदन' या नावाने शिकतात.

ते थर जोडण्याचे काम आता संगणक करतो. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने 'व्हिजिबल ह्यूमन' नावाचा प्रकल्प हाती घेतला. एका पुरुषाचा मृतदेह गोठवून त्याचे एक-एक मिलिमीटर जाडीचे थर काढत गेले आणि प्रत्येक थराचे छायाचित्र घेतले. अशी 1,871 छायाचित्रे झाली. ती 1994 साली अभ्यासासाठी खुली झाली. पुढच्याच वर्षी एका स्त्रीच्या शरीराची छायाचित्रे आली. तिचे थर आणखी पातळ होते, त्यामुळे छायाचित्रांची संख्या 5,000 च्या वर गेली. ही छायाचित्रे एकावर एक रचली की पडद्यावर शरीर उभे राहते. ते हवे तिथे कापता येते, हवे तसे फिरवता येते. शरीररचना शिकवणारी अनेक सॉफ्टवेअर या माहितीवर उभी राहिली. 2019 पासून ती कोणत्याही परवान्याशिवाय मोफत मिळते.

आज मोबाईलवर त्वचा बोटाने बाजूला सारता येते, स्नायू एकेक करून काढता येतो आणि खालचा मज्जातंतू दिसतो. नावावर बोट ठेवले की उच्चार ऐकू येतो. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना याचा मोठा आधार वाटतो. त्यांना हाडाची भीती नसते, त्याच्या लॅटिन नावाची असते.

पण इथेच पालकांनी सावध राहायला हवे. चित्र फिरताना पाहिले की समजल्यासारखे वाटते. पाहणे आणि शिकणे मात्र एक नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्द एकत्र कसे शिकवावेत, यावर अनेक वर्षे प्रयोग केले. चित्रासोबत बोललेले शब्द चांगले समजतात, पण तेच शब्द पुन्हा पडद्यावर छापले तर लक्ष विभागते, असे त्यांना आढळले. लांब चित्रफीत सलग पाहण्यापेक्षा ती तुकड्या-तुकड्यांनी, आपल्या गतीने थांबवत पाहिलेली बरी, हेही त्यांनी दाखवले. म्हणून महागडे ॲप घेण्याआधी पाहावे, की ते मुलांकडून काही करून घेते की नुसते दाखवत राहते.

घरी अभ्यासाची रीत साधी आहे. आधी एकच भाग घ्यावा, समजा मनगट. त्याची आठ हाडे समोरून, मागून आणि बाजूने पाहावीत. मग मोबाईल बंद करून कागदावर आकृती काढावी आणि उघडून ताडून पाहावी. जिथे चुकले तिथेच पुन्हा थर काढून पाहावेत. शेवटी स्वतःच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला बोटे ठेवून नाडी शोधावी. पडद्यावरची लाल रेघ आणि बोटाखाली उडणारी नाडी एकच आहे, हे उमगले की तो भाग विसरला जात नाही. घरात एकच मोबाईल असेल तरी हरकत नाही, कारण यातला निम्मा अभ्यास मोबाईल बंद ठेवूनच करायचा आहे.

पडद्याची एक मर्यादाही मुलांना ठाऊक असावी. तिथले शरीर एकाच नमुन्याचे असते आणि खरी माणसे एकसारखी नसतात. काही लोकांत सायटिक नर्व्हचा एक भाग पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूखालून न जाता त्याच्यामधून जातो. 'व्हिजिबल ह्यूमन'मधल्या पुरुषाचे तर अपेंडिक्स आधीच काढलेले होते. म्हणून कॉलेजातले विच्छेदन आणि वॉर्डातला रुग्ण यांची जागा पडदा घेऊ शकत नाही. तिथे जाण्यापूर्वीची तयारी मात्र तो चांगली करून देतो. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मृतदेहाला पहिला शिक्षक मानायला शिकवतात. हा अदब पडद्यासमोरही हवा, कारण त्या छायाचित्रांमागेही कधीकाळी जगलेली माणसे आहेत.

शरीररचना येत नसली तरी अम्मी-अब्बांना मदत करता येते. रात्रीच्या जेवणानंतर आपला हात पुढे करून मुलीला सांगावे, "आज काय शिकलीस ते या हातावर दाखव." ती न अडखळता दाखवू शकली, तर मोबाईलवर गेलेला वेळ सत्कारणी लागला. अडखळली, तर उद्या नेमके काय पाहायचे हे तिचे तिलाच कळेल.